मिग वेल्डिंग : फिलेट भरदार दिसतो, पण वाकवला की मुळापासून सुटतो

नवशिका_फिलेट (प्रश्न)

वेल्डिंग शिकायला लागून सहा आठवडे झालेत. सध्या मिगवर, म्हणजे गनमधून सलग वायर आणि गॅस येतो त्या वेल्डिंगवर, टी जॉइंट चालू आहे. एक प्लेट आडवी, तिच्यावर दुसरी उभी, आणि कोपऱ्यात एका बाजूने फिलेट, म्हणजे तिकोनी भराव.

सेटिंग असं आहे : माइल्ड स्टील, ५ मि.मी. जाडी, १०० × ५० चे तुकडे. वायर ०.८ मि.मी. ची सॉलिड (भरीव), ईआर७०एस-६ जातीची. गॅस ८० टक्के आरगॉन, २० टक्के सीओटू, फ्लोमीटर मिनिटाला २० लिटरवर. व्होल्टेज १७, वायरचा वेग मिनिटाला ५ मीटर. वायर टिपच्या (गनच्या तोंडातली तांब्याची नळी) बाहेर साधारण २० मि.मी. असते. १०० मि.मी. चा रन (वेल्डची एक सलग रेघ) मारायला ३० सेकंद लागतात. गन पुढे ढकलत नेतो आणि हात बारीक झिगझॅग हलवतो. प्लेट वायर ब्रशने पुसून घेतो, ग्राइंडर मारत नाही.

गेज लावला तर फिलेटचा पाय (कोपऱ्यापासून प्लेटवर मोजलेली रुंदी) बरोबर ५ मि.मी. भरतो. पण रन फुगीर येतो, प्लेटवर दोरखंड ठेवल्यासारखा. उभी प्लेट हातोड्याने वाकवली की तिसऱ्या-चौथ्या घावाला अख्खा रन आडव्या प्लेटवरून सुटून येतो आणि खालची प्लेट जशीच्या तशी काळी दिसते. शिवाय सुरुवातीच्या १० मि.मी. मध्ये बारीक भोकं पडतात, आणि शेवटी खड्डा राहून त्यात कधीकधी केसासारखी चीर येते.

हात सुधारायला हवा हे कळतंय. पण नेमकं काय आधी सुधारू? जाणकारांनी सांगावं.

---

चाप_आणि_वायर

खालची प्लेट काळीच्या काळी राहिली, यातच सगळं आलं. धातू भरपूर पडलाय, पण प्लेट वितळलेलीच नाही. वितळलेलं लोखंड न वितळलेल्या लोखंडावर जाऊन थिजलंय. याला कोल्ड लॅप म्हणतात. तुमच्या हाताचा दोष यात निम्माच आहे, बाकीचा सेटिंगचा.

आकडेमोड करून बघा. ०.८ च्या वायरचा छेद ०.५ चौ.मि.मी. आहे. मिनिटाला ५ मीटर म्हणजे मिनिटाला साधारण २५०० घन मि.मी. लोखंड. तुम्ही मिनिटाला २०० मि.मी. सरकता. भागाकार केला की छेद येतो १२.५ चौ.मि.मी., म्हणजे अगदी ५ × ५ चा त्रिकोणी फिलेट. म्हणून गेज बरोबर बसतो. पण गेज फक्त किती धातू पडला ते सांगतो. तो प्लेटमध्ये मुरला की वर बसला, हे गेजला कळत नाही.

आता तोच फिलेट ८ मीटरने मारायचा म्हटला तर मिनिटाला ४००० घन मि.मी. पडतात, आणि १२.५ चा छेद राखायला मिनिटाला ३२० मि.मी. सरकावं लागतं. म्हणजे १०० मि.मी. चा रन १९-२० सेकंदांत. धातू तेवढाच, पाय तेवढाच, पण करंट दीडपट आणि चाप (वायर आणि प्लेटमधली विजेची ज्योत) सतत ताज्या प्लेटवर. तुमच्या ३० सेकंदांच्या रनमध्ये वितळलेला रस चापाच्या पुढे पळतो, चाप त्या रसावरच जळत राहतो आणि खालच्या प्लेटला आच लागतच नाही.

मिगमध्ये अँपिअरचं वेगळं बटण नसतं हे पक्कं डोक्यात बसवा. वायरचा वेग वाढवला की करंट वाढतो. व्होल्टेज चापाची लांबी ठरवतं, म्हणजेच रन किती पसरेल ते. ढोबळ हिशेब असा की जाडीच्या दर मि.मी. ला ४० अँपिअर. ३ मि.मी. ला १२०, आणि ५ मि.मी. ला हिशेबाने २०० येतात. पण ०.८ च्या वायरला ते ओढवत नाहीत, १५०-१६० वर समाधान मानावं लागतं आणि सांधा स्वच्छ ठेवून भागवावं लागतं. ५ मि.मी. च्या कामाला खरं तर १.० ची वायर बरी. तुमच्या ५ मीटरला करंट जेमतेम १०० च्या आसपास येतो, आणि वायर २० मि.मी. बाहेर ठेवल्यामुळे त्यातलाही बराच उतरतो. लांब वायर स्वतःच तापते, तिचा विरोध वाढतो आणि मशीन आपोआप करंट खाली आणतं. म्हणून अंतर १० ते १२ मि.मी. च ठेवा. हे अंतर टिपपासून जॉबपर्यंत मोजायचं, नोझलपासून नाही.

तर ५ मि.मी. ला वेग ८ मीटर, व्होल्टेज २० पासून सुरू करा. मशीनवरच्या आकड्यावर भरवसा नसेल तर गन जॉबपासून आणि अर्थपासून लांब धरून ६ सेकंद ट्रिगर दाबा, बाहेर आलेली वायर मोजा आणि दहाने गुणा. ८० सें.मी. आली तर ८ मीटर.

मग एका तुकड्यावर वेग तसाच ठेवून फक्त व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्याने फिरवा आणि कान द्या. व्होल्टेज कमी असेल तर वायर प्लेटवर टोचते, ठक ठक करत गन हाताला मागे ढकलते, रन उंच येतो. जास्त असेल तर तडतड जाऊन नुसता फुसफुसाट ऐकू येतो, वायरच्या टोकाला मोठे गोळे लोंबतात आणि जाड स्पॅटर, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे थेंब, उडतो. मधल्या जागी तडतड बारीक, सलग आणि एकसुरी असते. शॉर्ट सर्किट पद्धतीत वायर सेकंदाला कित्येक डझन वेळा रसात टेकून सुटत असते, तो आवाज त्याचाच.

ग्राइंडर मारत नाही, हे मात्र आजपासून बंद. प्लेटवरची काळी-निळी पपडी वायर ब्रशने निघत नाही, फक्त चकाकते. रॉडच्या वेल्डिंगमध्ये फ्लक्स असतो, तो थोडी घाण सांभाळून घेतो. सॉलिड वायरला ती सोय नाही. ईआर७०एस-६ मध्ये सिलिकॉन-मँगनीज जास्त असतं, त्यामुळे थोडा गंज चालून जातो. थंड झालेल्या रनवर तपकिरी, काचेसारखे ठिपके दिसतात ते त्याचेच. पण पपडीवर त्याच्याने भागत नाही. ग्राइंडरच्या फ्लॅप डिस्कने सांध्याच्या दोन्ही बाजूंना २०-२५ मि.मी. पर्यंत पांढरं लोखंड काढा. उभ्या प्लेटची खालची कडही घासा, ती नेहमी विसरते. अर्थचा क्लॅम्पही घासलेल्या जागीच लावा.

---

रसाकडे_बघा

वरचं सेटिंग बरोबर आहे. मी फक्त हात आणि नजर यांवर लिहितो.

नवीन माणूस चापाच्या ठिणगीकडे बघतो, कारण डोळा तिकडेच ओढला जातो. तिथून काहीच कळत नाही. बघायचं ते रसाच्या पुढच्या कडेकडे, जिथे ओलं लोखंड कोरड्या प्लेटला भिडतं. वायर त्या कडेवर पडली पाहिजे, रसाच्या मध्यात नव्हे. कड प्लेटमध्ये विरघळत पुढे सरकत असेल तर सांधा धरतोय. कड गोलसर, फुगलेली, पानावर पाण्याचा थेंब बसावा तशी दिसली की रस नुसता लोळतोय. तेव्हा एक तर वेग वाढवा, नाहीतर सेटिंग गरम करा. दोन्ही पायांच्या रेषांवर नजर फिरती ठेवा. खालच्या प्लेटची कड आणि वरच्या प्लेटची कड एकाच वेळी ओली होत गेली पाहिजे.

हे दिसायला हेल्मेटची काच योग्य हवी. १०० ते १६० अँपिअरला शेड (काचेच्या काळेपणाचा आकडा) १० किंवा ११. काचेवरचं स्पॅटरने खडबडीत झालेलं बाहेरचं प्लास्टिक बदला. निम्म्या वेळा माणूस धूसर काचेतून अंदाजाने वेल्डिंग करत असतो. सांध्यावर बाजूने एक दिवा सोडला तर चाप पेटायच्या आधी रेघ दिसते आणि सुरुवात चुकत नाही.

झिगझॅग सध्या पूर्ण सोडा. ५ मि.मी. पायाला सरळ रन पुरतो. हात हलवला की रस रुंद होतो आणि सांध्याच्या मुळाशी, म्हणजे कोपऱ्याच्या आत, चाप पोहोचत नाही. सरळ, एका वेगाने, वायरचं टोक नेमकं कोपऱ्यात.

कोन दोन असतात, ते वेगळे समजून घ्या. एक, दोन प्लेटच्या मधला : टी जॉइंटला ४५ अंश. लॅप जॉइंटला (एका प्लेटवर दुसरी चढवलेली) खालच्या प्लेटपासून ६०-७०, म्हणजे गन जास्त उभी, कारण वरच्या प्लेटची उघडी कड चटकन वितळून गळते. दुसरा, सरकण्याच्या दिशेतला : १० ते १५ अंश, त्याहून जास्त नको. ३० अंशांपर्यंत गन लोळवली की गॅसचं आच्छादन एका बाजूने उघडं पडतं. ढकलत नेलं तर रन सपाट आणि पसरट येतो, पुढचं दिसतं, पण पेनिट्रेशन (प्लेटमध्ये मुरणं) थोडं कमी. ओढत नेलं तर रन अरुंद, थोडा उंच आणि खोल. सॉलिड वायरला दोन्ही चालतं. ५ मि.मी. वर रन मुळाशी शिरत नसेल तर काही तुकडे ओढून मारून बघा, फरक लगेच दिसेल. फ्लक्स कोअर वायरला (आत फ्लक्स भरलेली) मात्र ओढतच न्यायचं, नाहीतर स्लॅग (फ्लक्सची मळी) रसाच्या पुढे जाऊन आत अडकतो.

आणि बसायची पद्धत. एका हाताने गन धरून, केबल खांद्यावरून लोंबत ठेवून सरळ रेघ कोणाचीच येत नाही. दुसऱ्या हाताचं मनगट किंवा करंगळीची बाजू टेबलावर टेकवा आणि गनची मान त्यावर सरकवा. ट्रिगर दाबण्याआधी अख्खा रन कोरडाच फिरवून बघा. शेवटच्या २० मि.मी. ला कोपर अडत असेल तर बसण्याची जागा बदला, कारण तिथेच कोन बिघडतो आणि अंतर वाढतं. त्या कोरड्या फेरीत मनात वीसपर्यंत आकडे मोजा, तोच तुमच्या रनचा वेग.

---

नवशिका_फिलेट

दोघांचेही आभार. ग्राइंडर मारून, ८ मीटर आणि २१ व्होल्टवर सहा तुकडे मारले. अंतर १२ मि.मी., हात सरळ, १७ ते २० सेकंद. रन बराच सपाट आला. खालची बाजू आता सुटत नाही. पण उभ्या प्लेटवर, रनच्या वरच्या कडेला सलग खाच पडतेय, नख अडकतं. सुरुवातीची भोकं आणि शेवटची चीर तशीच आहे. मधूनमधून वायर अडखळते, आवाज तुटतो.

---

चाप_आणि_वायर

नख अडकतंय ती अंडरकट. चाप वरच्या प्लेटची कड खातो, आणि रस वजनाने खाली ओघळल्यामुळे ती खाच भरत नाही. २१ व्होल्ट थोडे जास्त झाले. २० वर या, लागलं तर १९.५. टोक कोपऱ्यातच राहतंय का ते बघा. थकलेला हात नकळत गन खाली पाडतो आणि मग चाप उभ्या प्लेटवर रोखला जातो. १७ सेकंदांचे तुकडे आणि २० सेकंदांचे तुकडे शेजारी ठेवा. घाईत मारलेल्यांवर खाच जास्त असणार.

सुरुवातीची भोकं. मागचा रन संपला की वायरच्या टोकाला गोळी राहते. ती तशीच ठेवून ट्रिगर दाबला तर चाप नीट पेटत नाही, दोन-तीनदा फुटतो. दर रनच्या आधी पक्कडीने वायर तिरकी कापा, टिपबाहेर १० मि.मी. ठेवून. मग गॅस. २० लिटर जास्त आहेत. गॅस जोराने आला की नोझलबाहेर भोवरे होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. नोझलचा आतला व्यास जितके मि.मी. तितके लिटर, हा ठोकताळा चांगला चालतो. १२-१३ च्या नोझलला १२ ते १४ पुरे. फ्लो बघताना ट्रिगर दाबलेला हवा, बंद असतानाचा आकडा खोटा. नोझलमध्ये स्पॅटरचं कडं जमलं असेल तर ते खरवडून काढा, त्याने गॅस एका बाजूला वळतो. पंखा थेट सांध्यावर नको.

सुरुवात थंडही असते. प्लेट गार, रस तयार नाही. सुरुवातीच्या बिंदूच्या १० मि.मी. पुढे चाप पेटवा, झटकन मागे टोकाला या आणि मग चालू लागा. त्या १० मि.मी. वरून दुसऱ्यांदा जाताना थंड भाग पुन्हा वितळतो.

शेवटचा खड्डा हा ट्रिगर अचानक सोडल्याचा परिणाम. मधला रस शेवटी गोठतो, आकसतो, आणि भर नसेल तर मधून फाटतो. टोकाला पोहोचलात की ८-१० मि.मी. मागे या, एक क्षण थांबून खड्डा भरू द्या, मग ट्रिगर सोडा. सोडल्यावर गन तिथेच धरून ठेवा. मागून येणारा गॅस तांबडा रस थंड होईपर्यंत झाकतो.

---

फीड_रोलर

वायर अडखळते त्याबद्दल. यात पाच गोष्टी क्रमाने तपासा, कारण आधी रोलर (वायर पुढे ढकलणारी चाकं) आवळण्याकडे सगळ्यांचा हात जातो आणि त्याने दुखणं वाढतं.

सर्वांत आधी टिप. ०.८ च्या वायरला ०.८ चीच टिप. टिपचं भोक उजेडात धरून बघा, गोल न दिसता अंड्यासारखं लांबट झालं असेल तर टाकून द्या. त्यात वायरला करंट कधी मिळतो, कधी नाही, आणि चाप तसाच लपलप करतो. टिप हाताने नव्हे, पक्कडीने आवळा. सैल टिप तापते आणि वायर तिच्यात चिकटते.

मग केबल. तिला वेटोळं घालून बसला असाल तर सरळ करा. वळणात लायनर (केबलच्या आतली वायरची नळी) वायरला घासतो. टिप काढून, रोलर उघडून वायर हाताने ओढून बघा. जड जात असेल तर लायनरमध्ये तांब्याची भुकटी साचली आहे. लायनर काढून कोरड्या हवेने फुंका. तेल घालू नका, ते थेट रसात येतं.

रोलरची खाच वायरच्या मापाची आहे का बघा. बऱ्याच रोलरना दोन खाचा असतात आणि चुकून १.० ची वर आलेली असते. स्टीलच्या सॉलिड वायरला व्ही खाच, ॲल्युमिनियमला यू, फ्लक्स कोअरला दातेरी. दातेरी रोलर सॉलिड वायरला ओरखडे पाडतो आणि तोच कीस लायनर भरतो.

दाब ठरवायला कोरडा लाकडी ठोकळा घ्या. गन त्याच्यापासून ५० मि.मी. वर तिरकी धरून ट्रिगर दाबा, वायर ठोकळ्याला लागून वळत बाहेर येत राहिली पाहिजे. तीच १०-१२ मि.मी. वर धरली तर रोलर घसरला पाहिजे. तिथेही घसरत नसेल तर दाब जास्त आहे, आणि टिप तुंबली की वायर मशीनच्या आत पक्ष्याच्या घरट्यासारखी गुंतेल. शेवटचं, रिळाचा ब्रेक. ट्रिगर सोडल्यावर रीळ फिरत राहू नये, पण हाताने फिरवताना जड लागू नये.

---

रसाकडे_बघा

वाकवून बघताय ते उत्तम, पण दिशा बरोबर ठेवा. फिलेट एकाच बाजूला असताना उभी प्लेट फिलेटच्या बाजूलाच पाडायची, म्हणजे मूळ उघडतं आणि ताण तिथे येतो. उलट बाजूला वाकवली तर मुळाची खरी परीक्षा होत नाही. तुकडा पूर्ण गार होऊ द्या, पाण्यात बुडवू नका, आडवी प्लेट वाइसमध्ये धरा आणि डोळ्यांवर गॉगल असू द्या.

काही तुकड्यांत रन मुद्दाम मध्यावर थांबवून पुन्हा सुरू करा. जोडाची जागाच आधी फसते.

तुटलेला भाग उजेडात तिरका धरून वाचा. राखाडी, दाणेदार, ओढून फाटल्यासारखा पृष्ठभाग म्हणजे धातू खरंच तुटला, सांधा धरला होता. सपाट, गुळगुळीत पट्टा दिसला आणि त्यावर फ्लॅप डिस्कचे ओरखडे अजून जसेच्या तसे असतील, तर तिथे प्लेट वितळलीच नव्हती. तो पट्टा मुळालगत सलग असेल तर करंट कमी किंवा टोक कोपऱ्यात नव्हतं. फक्त खालच्या पायावर असेल तर रस पुढे पळाला. फक्त सुरुवातीला असेल तर थंड सुरुवात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने व्होल्ट, वेग, सेकंद लिहा आणि तोडल्यावरही दोन्ही अर्धे एकत्र ठेवा. ५ मि.मी. वर सलग पाच तुकडे मुळापासून धरले की ३ मि.मी. ला या. तिथे ६ मीटर, १८ ते १८.५ व्होल्ट, पाय ४ मि.मी., आणि १०० मि.मी. साधारण १६ सेकंदांत. ३ मि.मी. वर उष्णता पटकन साचते, म्हणून दोन रनमध्ये तुकडा गार होऊ द्या, नाहीतर तेच सेटिंग तिसऱ्या रनला भोक पाडेल.

सरावाला भंगारातले तुकडे उचलत असाल तर जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बाजूला ठेवा, त्याच्या धुराने रात्री ताप भरतो. आणि प्लेट पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका. चापाच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तेल असेल तर ॲसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या, फडकं आणि डबा चापापासून लांब ठेवा, मग ग्राइंडर मारा.